धारेला पुन्हा पुन्हा दाते पडतात: अतिकठीण लाकूड हाताने कोरताना नेमकं काय बिघडतं

तक्रार सगळ्यांची एकच असते. पटाशी नीट पाजळली, मनगटावरचा केस उडाला, ठोकळ्यावर टेकवून मोगरीचे चार ठोके दिले आणि कापाच्या तळाशी केसाएवढी उंच रेघ राहिली. पुढच्या कापात दोन रेघा. म्हणजे धारेला दाते पडले. पुन्हा दगड, पुन्हा तेल, पुन्हा अर्धा तास. संध्याकाळी हिशेब मांडला तर कोरणं वीस मिनिटं आणि धार लावणं अडीच तास.

माझा एक अख्खा पावसाळा यात गेला. लाकूड होतं लिग्नम व्हायटी. कॅरिबियन बेटांकडचं. जहाजाच्या पंख्याचा दांडा पाण्याखाली ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्या बेअरिंगच्या पट्ट्या पूर्वी या लाकडाच्या असत, कारण त्याच्या अंगातच चिकट राळ असते आणि पाण्यात त्याला वेगळं वंगण लागत नाही. मुंबईत रे रोडला दारूखान्यात जुनी जहाजं तोडतात, तिथल्या एका भंगारवाल्याकडे तेलाने काळी पडलेली अशी एक पट्टी मिळाली. त्याने ती लोखंडासारखी वजनावर विकली आणि त्यात काही गैर वाटलं नाही, कारण घरी बादलीत टाकली तर ती दगडासारखी तळाला गेली. त्यातून तळहाताएवढं कासव कोरायचं होतं, देवळाच्या सभामंडपात जमिनीवर असतं तसं.

हे लाकूड किती कठीण, याचा अंदाज यांका चाचणीवरून येतो. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते या चाचणीत मोजतात. सागाला साधारण ५०० किलोचा जोर पुरतो, आपल्या शिसवीला ११०० च्या आसपास, आफ्रिकेतल्या आबनूसाला १४००, ज्याच्या क्लॅरिनेट करतात त्या आफ्रिकन ब्लॅकवूडला साडेसोळाशेच्या पुढे आणि लिग्नम व्हायटीला जवळजवळ २०००. म्हणजे सागाच्या चौपट. सागावर घडलेला हात आणि सागासाठी लावलेली धार इथे का हरते, ते या आकड्यांत दिसतं. पण नुसतं ‘लाकूड कठीण आहे’ म्हणून भागत नाही. मी तेच म्हणत राहिलो आणि एक महागडी पटाशी विकत घेतली. तिलाही पहिल्याच दिवशी दाते पडले.

शेवटी आमच्या इमारतीत फर्निचरच्या कामाला आलेल्या मेस्त्रींना ती दाखवली. त्यांनी लाकडाकडे बघितलंच नाही. पटाशी बल्बखाली धरली, धार अंगठ्याच्या नखावरून आडवी हळूच ओढली आणि विचारलं, “दाते पडतात की मुडपते?” मला फरकच माहीत नव्हता. तिथून पुढे सगळं सुटत गेलं.

धार आधी वाचा

‘धार जाते’ या एका तक्रारीत तीन वेगळे बिघाड लपलेले असतात आणि त्यांचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत. एकाचा इलाज दुसऱ्याला लावला की बिघाड वाढतो.

पटाशी प्रखर उजेडात धरा, धार डोळ्यांसमोर. चांगली धार दिसतच नाही, तिच्यावर उजेड थांबत नाही. बोथट धार सलग पांढऱ्या रेघेसारखी चमकते. दाते पडलेल्या धारेवर सुटे ठिपके चमकतात आणि नखावरून ओढली की ती अडखळते. मुडपलेली धार वरून ठीक वाटते. पण कापसाचा बोळा पात्याच्या दोन्ही अंगांनी धारेकडे ओढा, एका अंगाला तो अडकेल. पोलाद तुटलेलं नसतं, एका बाजूला वळलेलं असतं. घड्याळजी वापरतात तसं भिंग असेल तर उत्तमच, शंभर-दीडशे रुपयांत मिळतं आणि महागड्या पटाशीपेक्षा जास्त शिकवतं.

दाते म्हणजे धार फार बारीक आहे, किंवा पोलाद ठिसूळ आहे, किंवा तुमचा हात पटाशीला पहारीसारखं वापरतोय. मुडपणं म्हणजे पोलाद मऊ पडलंय. नुसतं बोथट होणं म्हणजे लाकूड धार झिजवतंय, आणि झिजणं व कठीणपणा या एक गोष्टी नव्हेत. सागाचंच बघा. कोरायला मऊ, पण धार खातो, कारण त्याच्या अंगात सिलिका असते, म्हणजे वाळूच. सागावर काम करणारा माणूस दर थोड्या वेळाने दगडाकडे वळतो तो त्यामुळे. तिथे दाते पडत नाहीत, धार नुसती गोल होत जाते.

उतार वाढवा

बहुतेकांचा बिघाड इथेच असतो, माझाही इथेच होता.

उतार म्हणजे धारेमागचा तिरका भाग. मऊ लाकडासाठी तो २० अंशांचा चालतो, साग-शिसवीला २५. अतिकठीण लाकडाला ३० हवा, आणि मोगरीने ठोकणार असाल तर ३५. पाच-दहा अंशांनी काय होणार असं वाटतं, पण धारेच्या लगेच मागे किती पोलाद उभं आहे ते यावर ठरतं. बारीक धार लाकडात सहज घुसते. लाकूड तिला परत ढकलतं तेव्हा तिच्या पाठीशी काही नसतं, मग टवका उडतो.

आपला उतार किती आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कोनमापकाची गरज नाही, पट्टी पुरे. पात्याची जाडी मोजा आणि उताराची लांबी मोजा. पातं ४ मिलिमीटर जाड असेल तर २५ अंशांना उतार साडेनऊ मिलिमीटर भरतो, ३० ला आठ आणि ३५ ला सात. उतार जाडीच्या दुप्पट भरला की कोन ३० अंश. एवढं ध्यानात ठेवलं तरी चालतं. माझी महागडी पटाशी मोजली तर जाडी ४ आणि उतार जवळजवळ अकरा. साडेएकवीस अंश! मऊ लाकडावर ती लोण्यासारखी चालली असती.

सगळा उतार घासून काढायची गरज नाही, ग्राइंडरवर तर मुळीच नको. आहे तो उतार तसाच ठेवून दगडावर मूठ जराशी उचलायची आणि अगदी टोकाला अर्धा-एक मिलिमीटरची दुसरी पट्टी पाडायची. पाच मिनिटांचं काम. गोल पटाशीला आतल्या बाजूनेही बारीक उतार द्या, गोल कांडीवर पॉलिश पेपर गुंडाळून. आतला आणि बाहेरचा मिळून कोन धरायचा: बाहेर २५ आणि आत आठ-दहा म्हणजे तुमचे तेहतीस-पस्तीस झाले. आतल्या उताराचा आणखी एक फायदा म्हणजे ढलपी वळून सुटते, खाचेत अडकून बसत नाही.

याची किंमत मोजावी लागते. पटाशी जास्त उभी धरावी लागते, ठोके जास्त लागतात आणि खोलगट जागेत उताराची मागची कड लाकडावर घासते. ती कड कानशीने गोल करून टाका. तरीही अडलं तर तिथे पटाशीचं काम नाही, रास्पचं (सुट्या टोकदार दातांच्या खरबरीत कानशीचं) आहे.

माझ्या दात्यांपैकी निम्म्याहून अधिक या एका दुरुस्तीने थांबले.

उरलेले दाते

पट्टीच्या एका तोंडावर मात्र दाते पडतच राहिले, दुसऱ्या तोंडावर नाही. लाकूड तेच, पटाशी तीच. भिंगातून बघितलं तर त्या तोंडावर बारीक चमकते कण रुतलेले. बेअरिंगचं झिजलेलं अंग होतं ते! वर्षानुवर्षं समुद्राच्या पाण्याबरोबर रेती आणि धातूचा चुरा त्यात दाबला गेला होता. जुन्या जहाजाचं, रेल्वेच्या स्लीपरचं, वाड्याच्या तुळईचं लाकूड कोरायला घेत असाल तर हे आधी करा: तारेच्या ब्रशने घासा, मग जुन्या हॅकसॉने वरचे दोन-तीन मिलिमीटर उतरवा. धारेचं हत्यार त्यानंतरच. जुन्या तुळईत खिळ्याचं तुटलेलं टोक असू शकतं. लोहचुंबक फिरवून घेतलेला बरा.

दुसरं कारण हाताचं. ढलपी अर्धी सुटली की मूठ खाली दाबून ती उपटायची सवय आपल्या सगळ्यांना असते. सागात खपून जातं. इथे धार लाकडाच्या पकडीत असते, वाकायला जागा नसते, मग ती आतच तुटते आणि तुटका तुकडा खाचेत राहतो. पुढच्या ठोक्याला तोच तुकडा उरलेली धार खातो. म्हणून उपटायचं नाही. समोरून आडवा काप आधी द्यायचा, मग त्याच्याकडे जाणारा काप, ढलपी आपोआप सुटली पाहिजे. सुटत नसेल तर ती जाड आहे. या लाकडात ढलपी नखाच्या कापासारखी निघाली की काम बरोबर चाललंय असं समजा.

आणि अरुंद पटाशी घ्या. वीस मिलिमीटरच्या पटाशीला जो ठोका देता तोच सहाच्या पटाशीला तिप्पट खोल नेतो. रुंद पटाशीने जोरात ठोकणं म्हणजे दात्यांना आमंत्रण. मोगरी लहान पण जड असावी, पितळी डोक्याची चालेल, आणि ठोका मनगटातून, खांद्यातून नको.

तिसरं कारण नव्या पटाशीचं. कारखान्यात टोक पातळ असल्यामुळे ते जास्त तापलेलं असू शकतं, तेवढंच टोक ठिसूळ निघतं. नवी पटाशी पहिल्या काही पाजळण्यांनंतर ‘सुधारते’ ती यामुळे. पुढचे दोन मिलिमीटर दगडावर हाताने घालवा आणि मग मत बनवा. त्यानंतरही टवके उडत असतील आणि पटाशी साध्या कार्बन पोलादाची असेल, तर मूठ काढून केकच्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवून आपोआप थंड होऊ द्या. कडकपणा किंचित उतरतो, चिवटपणा येतो.

धार मुडपत असेल तर

इथे उतार वाढवून उपयोग नाही. मेस्त्रींच्या भाषेत पटाशीचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून पोलादाला आणलेला कडकपणा, उतरलेलं असतं. ग्राइंडरवर लावलेल्या पटाशीच्या टोकाला निळसर झाक आली होती का, आठवा. पोलाद तापत गेलं की आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि निळा येतो तेव्हा तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलेलं असतं. साध्या पोलादाचं पाणी त्याच्या बरंच आधी उतरायला लागतं. निळा डाग पॉलिश पेपरने घासून काढला की पटाशी सुंदर दिसते, मऊ मात्र तशीच राहते. जुनी हत्यारं विकणारे हा डाग काढूनच विकतात, एवढं लक्षात असू द्या.

खात्रीसाठी चांगली कानस घ्या. टोकाजवळ हलकी चालवा, मग दोन सेंटिमीटर मागे. कानस घसरली तर पोलाद कडक आहे. चावली आणि चुरा निघाला तर मऊ. टोक मऊ आणि मागे कडक असेल तर मऊ भाग जाईपर्यंत घासत मागे या, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत. सगळं पातंच मऊ असेल तर लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्या. पाणी देणारा लोहार आता शोधावा लागतो, पण कोयते-विळे बनवणारे अजून हे काम करतात.

नुसतं बोथट होण्यावर काही युक्ती नाही, शिस्त आहे. चामड्याचा पट्टा लाकडी फळीवर चिकटवा, त्यावर हिरवं पॉलिशिंग कंपाउंड चोळा आणि दर दहा मिनिटांनी पटाशी त्यावरून मागे ओढा, न्हावी वस्तरा ओढायचे तशी. धार गेल्यावर नाही, जायच्या आधी.

रेषा दोन्हीकडून उपटते

हा वेगळाच बिघाड आहे (रेषा म्हणजे लाकडाचे तंतू), पण लोक त्यालाही धारच कारण समजतात. सागात एका दिशेने रेषा उपटली की आपण उलट बाजूने येतो. लिग्नम व्हायटीत आणि अशा बऱ्याच लाकडांत एका थराची रेषा डावीकडे झुकलेली असते, पुढच्या थराची उजवीकडे. त्यामुळे एक पट्टा काचेसारखा गुळगुळीत, शेजारचा खरबरीत. दिशा बदलली की दोघे जागा बदलतात, बस. बरोबर दिशा नावाची गोष्टच तिथे नाही.

पटाशीने आडवे किंवा तिरके काप घेऊन आकार आणा आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर तिच्यासाठी ठेवूच नका. तो खरवडून काढायचा. जुन्या हातकरवतीच्या पात्याचा चौकोनी तुकडा कापून कडेवर बारीक वळलेली कोर उठवली की उत्तम खरवडणी होते. आपल्याकडे काठ्या-दांडे फुटक्या काचेने खरवडायचे, तेही चालतं. हातमोजा घाला म्हणजे झालं.

टांझानिया-मोझांबिककडचे माकोंडे कारागीर ज्या ब्लॅकवूडमधून एकात एक गुंतलेल्या माणसांचे मनोरे कोरतात, ते स्वाहिलीतलं ‘म्पिंगो’. बाहेरचा फिका भाग आणि ढोबळ आकार ते वाकसाने तासून काढतात, मग पटाशी, मग रास्प आणि कानशी. पटाशीला मधला वाटा. हे कळल्यावर माझी एक उगाचची लाज गेली. रास्प वापरणं म्हणजे फसवणूक असं वाटायचं मला. आता कासवाच्या पायांमधली जागा मी आधी बारीक भोकं पाडून आणि करवतीने मोकळी करतो. ड्रिल मात्र थांबत-थांबत चालवा. कोरड्या आबनूसाला नुसत्या पॉलिश पेपरच्या घासण्याने तापून केसासारखे तडे जातात.

पाणी मारायचं का?

मला हा सल्ला चार जणांनी दिला. पाणी आणि स्पिरिट निम्मं-निम्मं करून फवारलं की शिसवीसारख्या लाकडात, विशेषतः आडव्या छेदावर, रेषा जराशी नरम पडते. लिग्नम व्हायटीत काहीही होत नाही. ज्या लाकडाने जन्मभर समुद्रात काढला त्याला तुमच्या फवाऱ्याचं काय! पटाशी तेवढी गंजते.

तड्यांची काळजी मात्र खरी आहे. पावसाळ्यात मुंबईत सुरू केलेला आबनूसाचा एक तुकडा मी मार्चमध्ये पुण्याला नेला आणि आठवड्यात त्याला टोकापासून तडा गेला. अर्धवट काम त्याच्याच ढलप्यांसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, आडव्या छेदाला मेण चोपडा.

धुळीबद्दल थोडक्यात: शिसवीच्या कुळातल्या लाकडांची धूळ अंगाला खाज आणि श्वासाला त्रास देते, आणि एकदा सुरू झालं की दर वेळी जास्त देते. पॉलिश पेपर लावताना एन-९५ मास्क. व्हार्निशही या तेलकट लाकडांवर कित्येक दिवस चिकट राहतं. आधी लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्या. लिग्नम व्हायटीला तेही नको, फडक्याने घासलं की स्वतःच्या राळेने चमकतं आणि उजेडात हळूहळू हिरवट होत जातं. (विष्ठेतलं न दिसणारं रक्त शोधायची जुनी तपासणी याच झाडांच्या राळेवर चालायची, रक्त असलं की निळा रंग.)

विकत घेताना पावती मागा. लिग्नम व्हायटीचं अख्खं कूळ आणि शिसवीचंही जवळजवळ अख्खं कूळ साइटिस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, शिसवीचं २०१७ पासून. परदेशातून तुकडा मागवला आणि कागद नसले तर तो कस्टममध्येच राहील. हात बसवायला परदेशी लाकूड हवंच असंही नाही. बिडीची पानं देणाऱ्या टेंभुर्णीचा काळा गाभा हा आबनूसाचाच भाऊबंद आहे. त्याचा किंवा शिसवीचा सुताराकडचा उरलेला तुकडा मिळाला तर नवा उतार आधी त्यावर तपासा.

माझं कासव झालं. एकच गोष्ट अजून सुटलेली नाही: पाठीवरच्या खवल्यांच्या रेघा. व्ही पटाशीचं टोक, जिथे दोन धारा मिळतात, तिथे पस्तीस अंशांनंतरही टवका उडतो. सध्या मी रेघ आधी बारीक तिकोनी कानशीने आखून घेतो आणि व्ही पटाशी त्या खाचेतून नुसती एकदा फिरवतो, मोगरीशिवाय. तेरा खवल्यांमागे एकदा धार लावावी लागली.